दुरुस्तीचा अधिकार

ढाकुरियातल्या आमच्या घरी पुस्तकांच्या कपाटावर एक ॲल्युमिनियमची पेटी आहे, बिस्किटांच्या चौकोनी डब्याएवढी. पुढच्या पत्र्यावर दोन बटणं, एक लाल दिवा आणि ब्रशने रंगवलेली बंगाली अक्षरं, त्यातली निम्मी पुसून गेलेली. माझ्या सासऱ्यांनी १९८४ साली घरी बनवलेला हा प्रीअँप्लिफायर. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. ड्यूटीवरून आल्यावर आंघोळ, चहा आणि मग हातात सोल्डरिंग आयर्न, असा त्यांचा क्रम होता, असं सासूबाई सांगतात. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अजूनही थोडी तक्रार असते.

त्या काळात मध्यमवर्गीय घरांतल्या बहुतेक रेकॉर्ड प्लेअरना क्रिस्टलची किंवा सिरॅमिकची सुई असे. तिच्यातून येणारा विद्युतदाब चांगला दणकट असल्यामुळे तो सरळ अँप्लिफायरला जोडला तरी भागत असे. बाबांना मात्र चुंबकीय कार्ट्रिज हवं होतं. ते तबकडीला कमी ओरबाडतं आणि बारकावे जास्त उचलतं. पण त्यातून बाहेर पडतो जेमतेम पाच मिलिव्होल्टचा संदेश. त्याला शंभरेक पटींनी मोठं करणारं काहीतरी मध्ये लागतं. विकत घ्यायचं तर परदेशी माल आणि त्यावरचा जबर आयात कर. म्हणून चांदनीच्या बाजारातून बीसी १४९ जातीचे ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, कपॅसिटर असं एकेक आणून त्यांनी ते स्वतःच जुळवलं.

आवाज नुसता मोठा करणं हे या पेटीचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले, आणि पुढे जे घडलं ते त्या अर्ध्यातच घडलं, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

तबकडीवर कोरलेलं असतं ते गाणं जसंच्या तसं नसतं. ठरवून वाकडं केलेलं असतं. खालचे स्वर आहेत तेवढ्याच जोराने कोरले तर खाच इतकी रुंद हेलकावे घेईल की शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून कोरतानाच ते दाबले जातात. वरच्या स्वरांचं उलट. सुई घासल्याने होणारी सूं सूं आणि खरखर याच वरच्या पट्टीत असते, म्हणून कोरताना हे स्वर मुद्दाम उंच केले जातात. वाजवताना त्यांना पुन्हा खाली आणलं की त्यांच्याबरोबर खरखरही खाली जाते. प्रीअँप्लिफायरने हे वाकडेपण बरोबर उलट्या दिशेला वाकवायचं. किती वाकवायचं याचं एक प्रमाण आहे. अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने १९५४ साली ते ठरवलं, आणि तिच्या आद्याक्षरांवरून त्याला आर आय ए ए म्हणतात. ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद असे त्याचे तीन आकडे. आपल्याकडचा शेवटचा आकडा ७५ किलोओमचा एक रेझिस्टर आणि १००० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर मिळून साधायचा असतो. गुणाकार करून पाहावा, बरोबर ७५ येतात.

मी या घरात आले तेव्हा जादवपूरचं तौलनिक साहित्याचं एम.ए. नुकतंच संपलं होतं. बुद्धदेव बसूंनी १९५६ साली सुरू केलेल्या त्या विभागात अनुवादाच्या निष्ठेवर आम्ही तासन्‌तास वाद घातले होते. श्लायरमाखरने १८१३ च्या व्याख्यानात मांडलेला पेच, म्हणजे लेखकाला वाचकाकडे न्यायचं की वाचकाला लेखकाकडे आणायचं, हा माझा परीक्षेचा हुकमी प्रश्न होता. बाबांनी मला वाकड्याला उलट वाकवण्याची ही भानगड एका संध्याकाळी लोडशेडिंगमध्ये मेणबत्तीच्या उजेडात समजावली, तेव्हा मला अनुवादाबद्दल जे कळलं ते वर्गात कळलं नव्हतं. मूळ सरळ असतं आणि अनुवाद त्याला वाकडं करतो, असं मी धरून चालले होते. छापलेलं वाक्यही आधीच कुठेतरी दाबलेलं, कुठेतरी चढवलेलं असतं, आणि ते कुणाच्या सोयीसाठी हे ठाऊक असल्याशिवाय त्याला सरळ करता येत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

सोल्डरिंग त्यांनीच शिकवलं. "बौमा, आधी तार तापव, मग सोल्डर लाव. सोल्डरला तापवू नकोस." मराठी सुनेने बंगाली सासऱ्याच्या शेजारी बसून सर्किट जोडावं, याचं पाहुण्यांना कौतुक वाटे. आम्हाला दोघांना काही बोलायला विषय मिळाला, याचं मला बरं वाटे.

रेकॉर्डही दोन घरांच्या जमल्या. सांगलीच्या आजोबांच्या ट्रंकेतून मी बालगंधर्वांच्या आणि केसरबाई केरकरांच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आणल्या होत्या. त्या जन्मल्या मात्र इथेच. ग्रामोफोन कंपनीचा पहिला कारखाना १९०८ साली सियालदाजवळ निघाला आणि १९२८ पासून दमदमला. म्हणजे महाराष्ट्रात घरोघरी ऐकलेलं नाट्यसंगीत लाखेच्या तबकडीवर दाबलं गेलं ते या शहराच्या उत्तरेला. आजोबांच्या ट्रंकेने त्या परत आणल्या, असं बाबा म्हणत. केसरबाईंवर तर ते हक्कच सांगत. 'सूरश्री' ही पदवी त्यांना १९४८ साली कोलकात्याच्याच एका संस्थेने दिली होती. गोव्यातल्या केरीची ही बाई ध्वनिमुद्रणाला नाखूश असे आणि तरी तिचाच आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर सूर्यमालेच्या बाहेर निघाला, यावर बाबा दर वेळी तितकंच हसत.

२०१५ च्या सुमारास पेटी घुमू लागली. ५० हर्ट्झचा तो घूं असा आवाज गाण्याच्या मागे बसून राही. तीस वर्षांत इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वाळून गेले होते. ते बदलले. सगळ्या अर्थिंगच्या तारा एका बिंदूवर आणल्या. ट्रान्सफॉर्मर थोडा फिरवून पाहिला, तशी घुमण्यात आणखी घट झाली. कार्बनचे काही रेझिस्टर काढून मेटल फिल्मचे लावले. बाबा तेव्हा ब्याऐंशीचे. हात कापत होते, कान गेल्यात जमा होते, यंत्र लावायला तयार नव्हते. ते शेजारी खुर्चीत बसून बघत आणि अधूनमधून बोट दाखवत. ही दुरुस्ती होती. वस्तू जशी होती तशी पुन्हा करणं. तिच्याबद्दल माझ्या मनात आजही काही सल नाही.

पुढच्या वर्षी पूजेच्या सुटीत मी सुधारणेला हात घातला.

एका सकाळी सर्किट कागदावर उतरवून घेताना माझ्या लक्षात आलं की जिथे १००० पिकोफॅरड हवेत तिथे ३३० चा कपॅसिटर आहे. दोन्ही चॅनलना. गुणाकार केला तर ७५ ऐवजी पंचवीसच्या आसपास मायक्रोसेकंद. वरच्या पट्टीतली कपात २१०० हर्ट्झला सुरू व्हायच्या ऐवजी ६४०० च्या पुढे सुरू होत होती. नव्या एलपी आमच्याकडे कर्कश का वाजतात, सकार कानात का टोचतात, या कोड्याचं उत्तर मिळालं म्हणून मी खूश झाले. म्हाताऱ्या माणसाची एक जुनी चूक सापडली होती. ती बोलून दाखवून त्यांना ओशाळं करायचं नाही, असं ठरवून मी मदन स्ट्रीटवरून १००० चे दोन चांगले पॉलिस्टायरिनचे कपॅसिटर आणले, दुपारी ते झोपलेले असताना लावले आणि जुने दोन भंगाराच्या डब्यात टाकले.

संध्याकाळी केसरबाई लावल्या. खरखर निम्म्याहून कमी. नवरा म्हणाला, काय केलंस, एकदम मखमल. बाबांनी डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकली आणि म्हणाले, "बेश परिष्कार." छान स्वच्छ.

त्यानंतर ते रेकॉर्ड लाव म्हणेनासे झाले. वय झालं, असं आम्ही धरलं. २०१८ च्या फेब्रुवारीत ते गेले.

पुढच्या वर्षी रंगकामासाठी खोली रिकामी करताना त्यांची वही सापडली. रेल्वेच्या लेजरसारखी, लाल कापडी पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'संशोधन'. मी मराठी डोळ्यांनी वाचलं आणि कौतुक वाटलं, केवढं हे संशोधन! मग बंगाली जागं झालं. बंगालीत संशोधन म्हणजे चुका सुधारणं. मुद्रितं तपासून प्रूफरीडर करतो ते. शब्द दोन्हीकडे तोच, शुद्ध करण्याचाच, पण आपण मराठीत शोधण्यावर जोर दिला आणि त्यांनी शुद्धीवर. मी त्यांच्या पेटीत त्यांच्या अर्थाने संशोधन केलं होतं आणि आपल्या अर्थाने केलंच नव्हतं.

आत त्या एका कपॅसिटरची अख्खी कहाणी होती. १९८४, १०००. १९९१, ८२०. १९९६ च्या नोंदीत ४७० लिहून खोडलेलं आणि पुढे 'चांदनीते नेई', चांदनीत नाही. त्याखाली ३३०. आणि त्या आकड्यापुढे एकच शब्द: 'थाक'.

'थाक' म्हणजे राहू दे. अनुवादकाला असा शब्द क्वचित मिळतो. कारण या शब्दात जी दुविधा आहे ती मराठीत जशीच्या तशी उतरते, एक कणही सांडत नाही. आपण एखादी गोष्ट मनासारखी जमली की म्हणतो, हं, हे राहू दे आता. आणि कंटाळा आला, जमेना, तरीही म्हणतो, जाऊ दे, राहू दे. इंग्रजीत आणायचा असता तर मला दोन्हींतलं एक निवडावं लागलं असतं आणि निवडलं की सुटले असते. मराठीत अनुवाद बिनचूक झाला आणि अर्थ काही हाती लागला नाही.

मी तीन अर्थ लावून पाहिले. पहिला असा: १९५४ च्या आधी ते प्रमाण नव्हतंच, प्रत्येक कंपनीची आपापली पद्धत होती, आणि ७८ फेऱ्यांच्या बहुतेक जुन्या तबकड्यांमध्ये वरचे स्वर आजच्याएवढे चढवलेले नसत. गौहर जानच्या १९०२ च्या नोव्हेंबरातल्या ध्वनिमुद्रणात तर वीजच नव्हती. कर्ण्यात गायचं, त्या आवाजाने सुई हलायची आणि मेणावर ओरखडा उठायचा. शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगते, ते हॅनोव्हरच्या कारखान्यातल्या कारागिरांना लेबलं नीट लावता यावीत म्हणून. अशा तबकडीचे वरचे स्वर आर आय ए ए प्रमाणाने खाली आणणं म्हणजे न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा देणं. कुणी चढवलंच नव्हतं ते आपण उतरवतो. मग खरखरीबरोबर स्वरमंडळाची टोकं जातात, सारंगीच्या गजाची धार जाते, शब्दातले स, श, त जातात. खरखर आणि गाणं यांचा पत्ता एकच असतो, हे मला त्या 'मखमली' संध्याकाळी कळायला हवं होतं. तर बाबांनी ३३० जुन्या तबकड्यांसाठी मुद्दाम ठेवला असेल.

पण तसं असतं तर त्यांनी खालच्या पट्टीचा आकडाही बदलला असता. ७८ च्या तबकड्यांना तोही वेगळा लागतो, आणि हे त्यांना माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. त्याला त्यांनी कधी हात लावलेला नाही.

दुसरा अर्थ साधा आहे. ४७० मिळाला नाही, ३३० मिळाला, लावला, राहू दे.

तिसरा अर्थ मी बरेच दिवस मनात येऊ दिला नाही. वय वाढतं तसे कान वरच्या पट्टीकडून बहिरे होत येतात. १९९१ मध्ये बाबा अठ्ठावन्नचे, १९९६ मध्ये त्रेसष्टचे. १०००, ८२०, मग ४७० चा विचार, मग ३३०. कुणाला काही न सांगता ते आपल्या उतरत्या कानांसाठी दार थोडं थोडं उघडत गेले असावेत. तसं असेल तर ती पेटी त्यांचं श्रवणयंत्र होती. जे कानात घालायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत ते त्यांनी कपाटावर ठेवलं होतं. आणि मी, एका सुटीच्या दुपारी, प्रमाणाच्या नावाखाली, ते बंद केलं. 'बेश परिष्कार' म्हणणाऱ्या माणसाला त्या वेळी केसरबाईंचं नेमकं किती ऐकू येत होतं?

नवऱ्याचं म्हणणं असं की मी नाहक छळ मांडला आहे. त्याचा युक्तिवाद सोपा आहे आणि तो मला खोडता येत नाही. मूळ पेटी १००० चीच होती. तू १९८४ च्या बाबांकडे परत गेलीस, १९९६ च्या बाबांना दुखावलंस, यात चूक-बरोबर कोण ठरवणार? दोघंही बाबाच. शिवाय बाबांनी स्वतः ते सर्किट कुठल्या तरी मासिकातून उचललं होतं. त्या मूळ कर्त्याला त्यांनी कुठे विचारलं होतं?

पहिल्या प्रश्नाचं एक उत्तर मृत्युपत्राच्या कायद्यात आहे: शेवटचं ते खरं. पण ग्रंथांच्या बाबतीत ते पुरत नाही. जादवपूरच्याच मंडळींनी रवींद्रनाथांच्या लेखनाची 'बिचित्रा' ही सर्व पाठांची संगणकीय मांडणी २०१३ मध्ये खुली केली. हस्तलिखितं, नियतकालिकांतले छापील पाठ, आवृत्त्या, सगळं शेजारी शेजारी. ती उघडून बसलं की शेवटचा पाठ हाच खरा, असं म्हणण्याचं धाडस होत नाही. माणूस पुढे जाताना नेहमी सुधारतोच असं नाही.

कुमारटुलीचं उदाहरणही मला लोकांनी ऐकवलं. विसर्जनानंतर नदीतून मूर्तीचा लाकडी सांगाडा काढतात, पुढच्या वर्षी त्याच्यावर नवा पेंढा, नवी माती. पण सगळं बदललं तरी देवी तीच. गोष्ट सुंदर आहे आणि इथे गैरलागू आहे. ती मूर्ती विरघळण्यासाठीच घडवलेली असते, घडवणाऱ्याला ते ठाऊक असतं आणि पूजणाऱ्यालाही. बाबांनी पेटी विरघळण्यासाठी केली नव्हती.

मला जवळचं वाटतं ते एकनाथांचं उदाहरण. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत हातोहात नकला होताना पाठ बिघडले होते, ओव्या घुसल्या होत्या. नाथांनी ते निवडून काढलं आणि यापुढे कुणी आपली ओवी त्यात घालू नये अशी तंबीही देऊन ठेवली. आता, कुठला पाठ अशुद्ध आणि कुठला ज्ञानदेवांचा, हे नाथांनी कशावरून ठरवलं? विद्वत्ता होती, अधिकार होता, पण परंपरेला तेवढं पुरेसं वाटलं नाही. म्हणून तिने स्वप्नाची कथा जपली: ज्ञानदेव नाथांच्या स्वप्नात आले आणि अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे, आळंदीला येऊन ती काढ, असं म्हणाले. लहानपणी मला ती चमत्काराची गोष्ट वाटायची. आता वाटतं, दुसऱ्याच्या शब्दाला हात लावायचा तर कर्त्याने बोलावलेलं असावं, ही अट किती जुनी आहे. कर्ता हयात नसेल तर निदान स्वप्न तरी पडावं.

मला तर स्वप्नाचीही गरज नव्हती. कर्ता शेजारच्या खोलीत झोपला होता.

तशीच एक गोष्ट माझ्या धंद्यातही घडलेली आहे. एका बंगाली कादंबरीत कालीपूजेच्या रात्री अंगणात चांदणं पडल्याचं लिहिलं होतं. कालीपूजा अमावास्येची. मी अनुवादात चांदण्याच्या जागी पणत्यांचा उजेड केला. लेखक तेव्हा हयात होते, फोन नंबर माझ्याकडे होता. एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला फोन, आणि चूक दाखवल्यासारखं होईल, म्हणून केला नाही. ते गेल्यावर त्यांच्या घरच्यांकडून कळलं की ती खरोखर नजरचूकच होती आणि त्यावर ते स्वतःच हसत असत. म्हणजे तिथे मी बरोबर निघाले. मला त्याने हायसं वाटायला हवं होतं. उलट अस्वस्थ झाले, कारण दोन्ही ठिकाणी मी केलं तेच केलं होतं, अगदी त्याच पद्धतीने. एकीकडे नशिबाने साथ दिली एवढंच.

यातून मला जे दिसतं ते असं. बदल करणं हा दोष नाही. चुकीचा तर्क करणं हाही फारसा नाही, सगळे अनुवादक तर्कावरच जगतात. प्रत्येक स्वल्पविरामासाठी परवानगी मागत बसलो तर एक पुस्तक पुरं होणार नाही, आणि मेलेल्यांना विचारता येत नाही हे तर उघडच आहे. माझी गफलत वेगळी होती. विचारता येण्यासारख्या माणसाला मी विचारता न येण्यासारखा धरला. बाबा म्हातारे होते, ऐकू कमी येत होतं, मोठ्याने ओरडून सांगावं लागलं असतं, त्यांना वाईट वाटलं असतं. ही सगळी सौजन्याची कारणं आहेत आणि प्रत्येक कारणात मी त्यांना थोडं आधीच मृत मानलं होतं. लेखकाच्या बाबतीतही तेच. आपल्या घरांतून म्हाताऱ्यांशी हे रोज होतं. त्यांच्या गोळ्या, त्यांचं कपाट, त्यांची बँक, सगळं आपण त्यांना त्रास नको म्हणून त्यांच्यामागे नीट करत असतो.

आणि हे धाडस मला दिलं ते प्रमाणाने. ३३० च्या जागी ५०० घालावे असं मला वाटलं असतं तर मी नक्की विचारलं असतं, कारण ती माझी आवड ठरली असती. १००० मागे १९५४ सालापासूनची सगळ्या जगाची संमती उभी होती. प्रमाणाच्या बाजूने बोलणाऱ्याला आपण कुणाच्या तरी विरुद्ध बोलतोय असं वाटतच नाही. व्याकरण, पंचांग, शुद्धलेखन, आर आय ए ए. खरं तर ते प्रमाण म्हणजे कोरणारा आणि वाजवणारा यांच्यातला एक करार आहे: मी इतकं वाकडं करीन, तू तितकं सरळ कर. त्या करारावर ज्याने सही केलेली नाही त्याच्यावर तो लादला तर त्याला निष्ठा म्हणता येणार नाही. केसरबाईंच्या तबकड्यांनी ती सही केली नव्हती, आणि बाबांनी, १९९६ मध्ये, आपली मागे घेतली होती. कशासाठी ते मला सांगता येत नाही.

वही सापडल्यावर मी जुन्या कपॅसिटरांचा शोध घेतला. भंगाराचा डबा केव्हाच गेला होता. मदन स्ट्रीटवर पुन्हा गेले आणि या वेळी ३३० चे दोन घेतले. दुकानदाराने विचारलं, "दीदी, मागे १००० नेले होते ना?" चांदनीच्या लोकांना माणसांची नावं आठवत नाहीत, आकडे आठवतात.

आता पेटीत एक स्विच आहे. ३३० चा कपॅसिटर कायमचा बसवलेला आहे, आणि स्विच खाली केला की त्याच्या जोडीला ६८० चा येतो. समांतर जोडले की कपॅसिटरांची बेरीज होते, म्हणजे १०१०. प्रमाणापासून एक टक्का दूर, कुठल्याही कानाला कळणार नाही इतकं. एलपी लावली की खाली, आजोबांच्या तबकड्या लावल्या की वर. वर केलं की खरखर येते, सारंगी येते, आणि केसरबाई तानेच्या आधी श्वास घेतात तोही येतो. सासूबाई हल्ली दार लोटून घेतात, त्यांना खरखर सोसत नाही. त्यांना विचारूनच मी आवाज ठेवते.

मधली जागा मात्र या स्विचला नाही. इकडे किंवा तिकडे, दर वेळी तबकडी ठेवण्याआधी हात आपोआप थांबतो. पुढच्या पत्र्यावर बाबांची पुसलेली अक्षरं मी पुन्हा रंगवलेली नाहीत, फक्त स्विचसाठी दोन नावं लिहायची होती. खालच्या बाजूला आर आय ए ए लिहून झालं. वरच्या बाजूला '७८' लिहावं तर तो एक तर्क झाला, 'बाबा' लिहावं तर तोही. तूर्त तिथे पेन्सिलीने ३३० एवढंच आहे.